देठाकडून की शेंड्याकडून

“पण बुवा, रावेरात नाही असं तिकडे आहे तरी काय?”

कुंदन झोपे ओट्यावर टेकायच्या आधीच बोलून मोकळा झाला. सव्वीस वर्षांचा गडी, बोलण्यात असा तयार की समोरच्याचा माल त्याच्याच तोंडून नापास करून घ्यायचा. आज मात्र तापीकाठच्या या मठात तो स्वतःच गिऱ्हाईक होऊन आला होता, आणि त्याला एकच वस्तू हवी होती... बुवांचा नकार.

झोप्यांची केळी खोक्यांत भरून मस्कतला जायची. यंदा तिकडच्या व्यापाऱ्याचा निरोप आला, घरचं कुणीतरी एकदा येऊन भेटा. कुंदनच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, लगेच मंगळवारचं तिकीट काढलं. कुंदन म्हणाला, मी जाणार नाही. तीन दिवस घरात भांड्यांचा आवाज माणसांपेक्षा मोठा होता. शेवटी ठरलं, गोधडीबुवा म्हणतील ते खरं.

“भाषा कळायची नाही. जेवण कसलं ते देव जाणे. आणि माणूस काय, इथूनतिथून सारखाच. तुम्हीच सांगता ना बुवा, सगळं आपल्या आतच असतं?”

“सांगतो खरा,” बुवा म्हणाले. “नको जाऊस.”

कुंदनचं तोंड उघडंच राहिलं. अजून सहा मुद्दे त्याने बांधून आणले होते. ते न सोडताच परत न्यायचे?

“म्हणजे... नक्की ना?”

“नक्की. अप्पांना सांग, बुवा नको म्हणाले.”

एवढं बोलून बुवांनी समोरच्या फणीतलं एक केळं तोडलं, उलटं धरलं आणि शेंड्याकडून सोलायला घेतलं.

केळीवाल्याच्या पोराला ते बघवेना. “बुवा, उलटं सोलताय. देठाकडून सोलायचं असतं.”

“हो का?” बुवांचा हात थांबला. “तिकडे कुठून सोलतात रे?”

“तिकडे कुठे?”

“मस्कतला. तुमचंच केळं.”

“...देठाकडूनच सोलत असतील.”

“असतील,” म्हणून बुवा खाऊ लागले.

कुंदन उठला. पाया पडला. फाटकाशी जाऊन चपला घातल्या... आणि चपला काढून परत आला.

खिशातून फोन काढून त्याने तिथूनच मस्कतच्या गोदामातल्या माणसाला लावला. बोलणं झालं तसा त्याचा चेहरा पडला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, हाताने.”

“बरोबरच आहे त्याचं.”

“थांबा, यात सगळं दिसतं.” त्याने एक व्हिडिओ शोधला आणि बुवांच्या नाकासमोर धरला. “हे बघा, तिकडचाच माणूस आहे. देठाकडून!”

बुवांनी डोळे बारीक केले. “हे केळं आपलं आहे?”

कुंदनने फोन जवळ घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला. केळ्याच्या बाबतीत खोटं बोलणं त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

“नाही... वाण वेगळा आहे.”

“असू दे. तुला कुठे जायचंय!”

फाटकापासून मोटरसायकलपर्यंत वीस पावलं. तेवढ्यात कुंदनच्या ध्यानात आलं, की झोप्यांच्या तीन पिढ्या केळी पिकवण्यात गेल्या, पण ती शेवटी खातं कोण आणि कसं, हे घरात एकालाही ठाऊक नाही. दुपारी पानात शेवभाजी होती. तीही उतरेना.

मंगळवारी अप्पा दारात उभे. “बुवा काय म्हणाले?”

“नको म्हणाले,” कुंदन बॅगेत शर्ट कोंबत म्हणाला. “पण त्यांना केळं सोलता येत नाही.”

पंधरवड्याने तो थेट मठात हजर. बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती.

“बुवा! देठाकडून नाही, शेंड्याकडूनही नाही!”

“मग?”

“मधोमध मोडतात! धक्क्यावर एक म्हातारा नावाडी होता. आपलं केळं त्याने कडकन मोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. ना नाव विचारलं, ना गाव. दोन तास बसलो. मी मराठीत बोलतोय, तो त्याच्या भाषेत, आणि भांडण एकदाही नाही. बोटी किती मोजल्या सांगू? आणि बुवा... आपलं केळं इतकं गोड असतं?”

“तुला ठाऊक नव्हतं?”

“घरात कोण खातंय केळं!”

बुवा हसले. “चला. प्रश्न मिटला तर.”

“मिटला. आता कुठे जाणार नाही. पुढच्या महिन्यात आपले खोके तिकडे इराकात, बसऱ्याला निघालेत, जाऊ देत बापडे. मी इथेच.” हे म्हणताना त्याचा हात खिशातल्या पासपोर्टवरून हलला नाही.

“खरंय. नकोच जाऊस.”

कुंदन उठला नाही. तापीच्या पाण्यात एक म्हैस उतरली, दुसरी उतरली...

“कुंदन...”

“हां बुवा?” तो अर्धा उठलाच.

“साल कुठे टाकतात रे तिकडे?”