काकूंची पायवाट

मिरजेच्या कुमुदकाकूंनी घरभर शहाबादी फरशी घातली, आणि ठेकेदार नलवड्यांनी तिच्यावर डाग मुरू नयेत म्हणून लावायच्या सीलरचे एकाऐवजी तीन हात मारले. वर राहिलेलं सीलर ओलं असतानाच फडक्यानं पुसून घ्यायचं असतं, तेवढं राहिलं. फरशी धुरकट आणि चिकट झाली. पाय उचलला की चटचट वाजे. काका गेल्यापासून घरात तेवढाच काय तो आवाज.

दहा निरोपांनंतर, तीन महिन्यांनी नलवडे आले, तेही बूट न काढता.

"काकू, तीस वर्षं या धंद्यात आहे. आमचं काम चोख असतं. तुमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ फार. चहा सांडतो, तेलकट पाय फिरतात, त्यानं फरशी चिकटते."

काकूंनी शांतपणे पडदा सारला. उन्हात सगळी फरशी धुरकट दिसत होती. पलंगापासून ओट्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत मात्र वीतभर रुंदीची स्वच्छ पट्टी होती.

"ही माझी पायवाट. चालून चालून इथलं सीलर झिजलं. त्या पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी बघा, तुमचा थर जसाच्या तसा आहे. तेव्हा एक तर तो काढून द्या, नाहीतर तुम्ही म्हणता ती वर्दळ रोज पाठवत जा. मला विचाराल तर वर्दळ बरी."

नलवड्यांनी बूट काढले.

दुसऱ्या दिवशी दोन गडी आले. काम दोन दिवसांचं होतं. काकूंनी चहाच इतक्यांदा केला, की ते चार दिवस चाललं.