पाटाकाठचं गवत

“...मग पोथ्यांच्या भांडाराची किल्ली मला कधी देणार, बुवा? आज सांगाच.”

भानुदासबुवा ओसरीवर बसून एका पोथीचं कापडी बासन सोडत होते. मठातल्या हस्तलिखितांना वर्षातून एकदाच ऊन दाखवायचं, तो आजचा दिवस.

उन्मेषचा धीर सुटला होता. पुण्यात ज्ञानव्यवस्थापनाची पदवी, वर सुवर्णपदक. मग दहा महिने या मठात. एक हजार नव्वद पोथ्यांची सूची त्याने एकट्याने संगणकावर चढवली होती. हैदराबादची एक कंपनी त्याला ज्ञानव्यवस्थापक म्हणून बोलावत होती. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. त्याला जायचं नव्हतं. पण भांडार ताब्यात मिळणार नसेल, तर इथे राहायचं तरी कशासाठी?

“ज्ञानाचं व्यवस्थापन...” बुवा हसले. “इतकं हाताबाहेर गेलंय होय रे ते?”

“चेष्टा पुरे, बुवा. काहीही विचारा. क्षणात काढून देतो.”

बुवांनी पोथी पुढे सरकवली. पानावरून एक चंदेरी किडा सर्रकन पळाला.

“कसर लागलीय. उपाय?”

उन्मेषने संगणक उघडला. चार कळा दाबल्या.

“बस्ता सत्तावीस, पान चौदा!”

उन्हात पसरलेल्या पोथ्यांतून त्याने नेमकं ते पान आणलं आणि ऐटीत वाचायला लागला. “‘विहिरीच्या पाटाकाठी वेखंड राखिले आहे. त्याचे मूळ दरसाल प्रत्येक बासनी नवे...’”

त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

पाटाकाठी?

पाटाकाठचं ते लांब पात्यांचं गवत आज सकाळीच त्याने कुदळीने मुळासकट खणून काढलं होतं. त्यात किडे होतील, पोथ्यांना लागतील, म्हणून. वाळक्या पाल्यावर ढीग रचून पेटवूनही दिला होता.

“ते... गवत नव्हतं?”

बुवांनी पानावरच्या ‘वेखंड’ शब्दावर बोट ठेवलं.

“तुम्ही इथेच बसला होता, बुवा! समोर! मला थांबवलं का नाही?”

“तू विचारलं नाहीस.”

...

ढीग अजून धुमसत होता. उन्मेषने हातांनीच राख उकरली. कोळसा. कोळसा. पुन्हा कोळसा. अगदी तळाशी बोटभर मूळ सापडलं, अर्धं होरपळलेलं.

ते ओंजळीत धरून तो परतला. हात काळे झाले होते आणि त्यांना एक उग्र वास येत होता. दहा महिने प्रत्येक बासन सोडताना हाच वास त्याच्या नाकात शिरत होता. सूचीत त्या वासासाठी रकाना नव्हता.

“बुवा... हे कुठे लावू? जगेल का?”

बुवांनी ओंजळीतलं मूळ बोटाने उलटून पाहिलं.

मग त्यांनी कनवटीची किल्ली काढली. त्याच्या काळ्या तळव्यावर, त्या मुळाशेजारी ठेवली. आणि स्वतःचा हात पुढे केला.

“कुदळ इकडे दे.”