दादासाहेबांना आउट न करणारा गेम

दादासाहेब रणनवऱ्यांनी गेमची तिसरी डबी काउंटरवर आपटली आणि निकाल दिला, "हाही खराब निघाला. यात मी हरतो."

काउंटरमागे उल्का उभी होती. शहरातून पदवी घेऊन आलेली, तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात काम करणारी, आणि दिवसभर जिभेवर ताबा ठेवता ठेवता दमून जाणारी. चमत्कारिक गिऱ्हाइकांची तिला सवय होती. शर्यतीचा गेम घेताना एका काकांनी गाडी ॲव्हरेज किती देते ते विचारलं होतं. एका काकूंना जुन्या साड्यांवर गेम हवा होता. पोराला अभ्यासाची गोडी लागेल असा मारामारीचा गेम मागणारे वडील तर आठवड्याला एखादे यायचेच. पण ही माणसं निदान विचारायची. दादासाहेब सांगायचे.

कारण दुकानाचा गाळा त्यांचा होता. गाव त्यांचं नव्हतं, पण तसं त्यांना अजून कोणी कळवलं नव्हतं.

पहिला गेम त्यांनी परत केला, कारण त्यातल्या गाड्या हॉर्न न देता ओव्हरटेक करत होत्या. दुसरा फुटबॉलचा. एवढ्या गर्दीत आपण नेमके कोण तेच समजत नाही, मुख्य माणूस जरा मोठा दिसायला हवा, अशी त्यांची तक्रार होती. आणि आता क्रिकेट. सुटीला आलेल्या नातींनी त्यांची दांडी इतक्यांदा उडवली होती, की आजोबा नुसते पाटावरून उठले तरी पोरी बोट वर करून "आउट" म्हणायच्या.

उल्काने शांतपणे सांगून पाहिलं, की चेंडू स्टंपला लागला की माणूस आउट होतो, हा गेमचा दोष नव्हे.

"मग न होणारा आण," दादासाहेब म्हणाले.

आणि त्यांनी अटी घातल्या. खेळताना आपण एकदाही आउट होता कामा नये. मात्र समोरच्याने जीव तोडून खेळायचं, मुद्दाम हरायचं नाही. क्लबात कॅरम खेळताना त्यांच्या सदा मागेमागे असणारे बबनराव समोर आलेली सोंगटीसुद्धा चुकवतात, त्या प्रकाराचा त्यांना वीट आला होता. मागे उभ्या असलेल्या बबनरावांनी मान डोलावून, वीट आलाय खरा, अशी ग्वाही दिली. शुक्रवारच्या बाजारापर्यंत असा गेम मिळाला नाही, तर गाळा रिकामा करायचा. पुतण्याला सिमेंटची पोती ठेवायला जागा हवीच होती.

ते गेले तसे मालक शिरीषदादा स्टुलावर मटकन बसले. चांगली नोकरी सोडून त्यांनी हे दुकान थाटलं होतं. उल्काचं म्हणाल, तर दुकानाला कुलूप लागायचा अवकाश, घरी स्थळांचे फोटो तयारच होते. शिरीषदादांच्या मते नारळ घेऊन जावं आणि दादासाहेबांच्या पाया पडावं. उल्काला हा उपाय पटला नाही. पाया पडून सुटतील असे प्रश्न तिच्या एकाही परीक्षेत आले नव्हते.

शुक्रवारी दादासाहेब आले. मागून बबनराव, आणि त्यांच्यामागे बाजाराला आलेले निम्मे लोक. उल्काने मोठ्या पडद्यावर क्रिकेट लावलं, एक रिमोट दादासाहेबांच्या हाती दिला, दुसरा स्वतः घेतला. आपण बॉलिंग करणार आणि जराही दया दाखवणार नाही, हे तिने सगळ्यांसमोर बजावलं.

पहिल्याच चेंडूला मधला स्टंप कोलांटी खात गेला. दादासाहेबांच्या भुवया वर चढल्या. पण पडद्यावर स्टंप आपोआप उभे राहिले आणि दादासाहेबांचा खेळाडू बॅट आपटत पुन्हा तयार झाला. दुसरा चेंडू, पुन्हा दांडी. पुन्हा स्टंप उभे. मग एक कॅच गेला, तरी खेळाडू जागचा हलेना. दांडी उडाली की बबनराव "काय ती स्टाइल!" म्हणत, आणि चुकून बॅटला चेंडू लागला की टाळ्या वाजवत. दादासाहेब घामाघूम झाले, पण चेहरा असा फुलला होता की निवडणुकीच्या गुलालातही कधी फुलला नसेल.

"दया दाखवत नाहीस ना, पोरी?"

"छे! स्टंपची अवस्था बघताय ना?"

दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. रिमोट खाली ठेवून दादासाहेबांनी ऐटीत विचारलं, की हा नवा गेम आणला तरी कुठून?

"नवा नाही, दादासाहेब. तुम्ही खराब म्हणून आपटलात तोच. त्यात सरावाचा एक प्रकार असतो, तिथे कितीही दांड्या उडाल्या तरी आउट धरत नाहीत. असा खेळाडू आमच्या गल्लीतही असायचा. सगळ्यांबरोबर खेळणार, पण आउट होणार नाही. त्याला एक नावही आहे."

"काय नाव?"

"कच्चं लिंबू."

टाळीसाठी उचललेले बबनरावांचे हात तसेच राहिले. शिरीषदादांनी डोळे मिटून घेतले.

"मी?" दादासाहेबांचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की गावात लोक खिडक्या लावून घेत. "या वयात मला कच्चं लिंबू म्हणतेस?"

"केस बघून पिकलेलं म्हणणार होते, दादासाहेब. पण काय करू? पिकलेलं लिंबू आउट होतं!"

क्षणभर मिशी थरथरली. मग पोट हललं. मग दादासाहेब असे हसत सुटले, की त्यांना काउंटर धरावा लागला. बबनरावांनी आधी नीट खात्री करून घेतली आणि मग तेही हसले.

डोळे पुसत दादासाहेबांनी जाहीर केलं, की पुतण्याने आपली पोती दुसरीकडे न्यावीत, गाळा दुकानाचाच राहील. करार किती वर्षांचा करायचा, तेवढं बोला.

हात जोडून शिरीषदादा "एक" म्हणायला गेले.

"दहा," उल्का म्हणाली.

"दहा दिली!" दादासाहेब म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले.