शेजारच्या दातांची चौकशी

एकदा एका वृद्ध दंतवैद्यांकडे एक सनईवादक आला. पायरीवरून घसरून त्याचा वरचा, अगदी समोरचा दात पडला होता. सनई ओठांत धरली की त्या फटीतून हवा निसटे आणि सूर फाटे. मुलीचे लग्न तोंडावर आलेले. तिच्या मांडवात आपणच वाजवायचे, हे त्याने ती लहान असल्यापासून मनाशी धरले होते.

वैद्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. तिने तोंडात पाहिले न पाहिले तोच उपाय सांगितला. दोन्ही बाजूंचे दात थोडे कोरून त्यांवर टोप्या बसवायच्या आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडून घ्यायचा. झाला ब्रिज. लग्नाच्या आत काम होईल, असेही ती म्हणाली.

वैद्यांनी मान डोलावली आणि कापसाचा एक बोळा त्या रिकाम्या जागेत ठेवून दिला.

"आता पुन्हा तपास."

शिष्या बुचकळ्यात पडली. जे पाहायचे, तेच गुरुजींनी झाकले होते! नजरेला उरले ते फक्त शेजारचे दात. तिने एक दाबून पाहिला, घट्ट होता. दुसऱ्याला बोट लावताच तो किंचित हलला आणि हिरडीतून रक्त आले.

"मघाशी हे दिसलंच नाही मला," ती हळूच म्हणाली.

"रिकामी जागा नजर ओढून घेते," वैद्य म्हणाले. "पण खोटा दात उभा राहतो तो शेजाऱ्यांच्या जिवावर. आपण त्यांना कोरणार, आणि कोरलेला दात पुन्हा भरून येत नाही. वर दुसऱ्याचा भारही त्यांच्यावरच टाकणार. त्यांना तो पेलवेल का, हे आधी बघायला नको?"

मग त्यांनी सनईवादकाला स्पष्ट सांगितले, की आधी हिरडी बरी व्हायला हवी आणि लग्नापर्यंत ते होणार नाही. घाई केली तर हलणारा दातही जाईल. तो म्हणाला, "मांडवात धाकटा भाऊ वाजवील."

लग्न तसेच पार पडले. पुढे हिरडी सुधारली, दात घट्ट झाला आणि शिष्येनेच ब्रिज बसवला. मात्र निरोगी दात कोरायला घेताना तिचा हात क्षणभर थांबला होता.

दिवाळसणाला लेक माहेरी आली, तेव्हा बापाने अंगणात बसून तिच्यासाठी सनई वाजवली.

उणीव भरून काढताना तिचा भार कोण वाहणार आहे, तेही पाहावे.