पाच थरांचा शब्द

नदीच्या दोन्ही तीरांवर पाखरं राहत होती आणि दोन्ही तीर एकमेकांचा मनापासून दुस्वास करत होते. मधल्या बेटावर एकच मोठा उंबर होता. बेटाच्या पुढ्यात, पाण्यात, एक वाळकं झाड उभं होतं आणि त्याच्या शेंड्याशी एक ढोली होती. दरवर्षी हिवाळा सरता सरता दोन्ही तीरांचे खेळगडी त्या ढोलीत उडता उडता फळं टाकत. एकमेकांना अडवत, ढकलत, चोची मारत. ज्या तीराची फळं ढोलीत जास्त पडत, त्याला वर्षभर उंबर मिळे. हरलेल्या तीराने गवताचं बी वेचावं आणि पुढच्या वर्षीची भाषा करावी.

त्या वर्षी ऐलतीर जिंकला की हरला, याची कुंदा पारवीला फारशी फिकीर नव्हती. तिची झोप उडाली होती ती वेगळ्याच हिशेबाने. आपल्या घरट्यातल्या पाच काड्या काढल्या, तर खाली काय उरेल?

पारव्यांचं घरटं तसंही नावालाच असतं. कोणाच्या तरी चोचीतून काड्या सांडल्या आणि उचलायच्या राहिल्या, असं बघणाऱ्याला वाटावं. त्यात कुंदाचं पिल्लू, ठिपकी, बसलेलं. अंगावर अजून धड पिसं नाहीत, पंख म्हणजे नुसते खुंट, आणि खाली खडक. पहिली काडी कुठली काढायची, मग दुसरी, असा विचार करत कुंदा डोळे मिटी आणि चौथ्या काडीला दचकून उघडी. बगळ्यांच्या शाळेत ती शिकली होती. तोल, भार, आधार यांवरचे धडे तिला अजून पाठ होते, आणि पाठ असल्यामुळेच झोप येत नव्हती. न शिकलेल्या शेजारणी गाढ झोपत.

काड्यांचा रिवाज जुना होता. एखाद्या खेळगड्याला पुढच्या हंगामांसाठी ठेवून घ्यायचं ठरलं, की तीरावरच्या थोरल्या आइनाच्या झाडाच्या बेचक्यात त्याच्या नावाने घरटं बांधायचं. जितक्या हंगामांचा शब्द, तितके थर. प्रत्येक थरासाठी प्रत्येक कुटुंबाने एक काडी द्यायची, आणि तीही स्वतःच्या घरट्यातून उपसलेली; रानातून वेचून आणलेल्या काडीने शब्दाला वजन येत नाही, असं मानत. बांधलेलं कोणी मोडायचं नाही. ते आपोआप कुजून गळेपर्यंत तसंच राहायचं. बेचकं एकच होतं आणि त्यात पाचच थर मावत. ते एकाला द्यायचे की दोघातिघांत वाटायचे, हे सभेने ठरवायचं. जो काडी देणार नाही, त्याने उंबरावर पाय ठेवायचा नाही.

एरवी काडी गेली तर नवी आणता येई. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी वणव्याने ऐलतीरावरची वाळकी काटकी न् काटकी खाल्ली होती, आणि नवी अजून वाळायची होती. आता नवी काडी हवी तर पैलतीर गाठायचा, आणि तिथे ऐलतीरच्या पाखराचं स्वागत कसं होई ते सांगायला नको.

या वर्षी पाचही थर भैरूला द्यायचे, असं बोललं जात होतं.

भैरू म्हणजे ऐलतीरचा धनेश. थोरल्या पिवळ्या चोचीचा, जड अंगाचा. वणव्यानंतरच्या हंगामात अर्धा तीर काळा पडला असताना त्याने एकट्याने ढोली भरली होती. त्या उंबरावरच कुंदा जगली आणि त्यावरच ठिपकीचं अंडं तिच्या पोटात धरलं. हे ती विसरली नव्हती. पूर्वी भैरूच्या पंखांचा घोंघाट ऐकला की पैलतीरची पाखरं आधीच बाजूला होत. आताही घोंघाट तेवढाच येई; फक्त त्याच्यामागून भैरू स्वतः जरा उशिराने येई.

सभा आइनाखाली भरली. सातभाईंतला थोरला मधोमध बसला. त्याला सगळे आण्णा म्हणत.

"पाच!" आण्णा म्हणाला. "एकसुद्धा कमी नाही. वणव्याच्या वर्षी तुमच्या पोरांच्या तोंडात उंबर कोणी घातला? बोला की आता! का चोची शिवल्यात?"

"घातला, कोण नाही म्हणतंय," वरच्या फांदीवरून कोतवाल म्हणाला. काळा, दुभंगल्या शेपटीचा, आणि जिभेचा तिखट. "पण तो उंबर केव्हाच पचला, आण्णा. मागल्या हंगामात तुमच्या भैरूदादांनी ढोलीपेक्षा नदीलाच जास्त जेवायला घातलं. मासे अजून त्यांचं नाव काढतात."

"मग माशांतच जाऊन राहा!"

"पाचव्या हंगामात त्यांना ढोली दिसणार तरी आहे का? पंख धरून न्यायला तुम्ही सातही जण जाणार काय?"

"जाऊ! सातही जाऊ! तुझ्यासारखे नाहीत आम्ही. शेपटी दुभंगलेली आणि इमानही दुभंगलेलं!"

मग कोणी कोणाला काय म्हणालं, ते वेगळं काढणं अवघड झालं. एक जण दुसऱ्याच्या बापाचा पैलतीराशी असलेला जुना संबंध काढत होता. दुसरा पहिल्याला सांगत होता की तू अंड्यात होतास तेव्हापासून मी खेळ बघतोय. कोणीतरी कोणाची तरी पिसं उपटली. गंमत अशी, की दोन्ही बाजूंचे घसे सारखेच बसले होते आणि दोन्हीकडचे जण भैरूचे डाव तोंडपाठ सांगत होते. एक बाजू त्यातून त्याचं मोठेपण सिद्ध करत होती, दुसरी त्याचं म्हातारपण.

कुंदाने बोलायचं ठरवलं नव्हतं. पण गोंगाटात क्षणभर खंड पडला आणि तिचा आवाज नेमका त्यात सापडला.

"दोन थर आत्ता द्यावेत," ती म्हणाली. "उरलेल्यांत रेवाला घ्यावं. आणि... भैरूदादांना कोणी विचारलंय का? म्हणजे, त्यांना घरटं हवंय का?"

रेवा ही तरुण राखी धनेश. मागल्या हंगामात ढोलीत पडलेली निम्मी फळं तिची होती. खालून, पाण्याला लागून येई आणि अडवणाऱ्याला कळायच्या आत वर उसळे. तिला आतापर्यंत फक्त एका थराचा शब्द मिळाला होता आणि तो थर आता कुजून गळला होता.

सभेला कुंदा सापडली, आणि दोन्ही बाजू प्रथमच एक झाल्या.

"ऐका! शिकलेल्या बाई बोलल्या!" आण्णाने मान वाकडी केली. "घरटं हवंय का म्हणे! मान कोणाला नको असतो हो, वहिनी? स्वतःच्या चार काड्या वाचवायच्यात ते सरळ सांगा."

"आणि दोन थर तरी कशाला?" कोतवाल तिच्यावरच उलटला. "अर्धंमुर्धं बोलणाऱ्यांनीच तीर बुडवला. एक तर द्या म्हणा, नाहीतर नको म्हणा!"

"बगळ्यांच्या शाळेत एका पायावर उभं राहायला शिकवतात," मागून कोणीतरी ओरडलं. "बाई अजून कुठला पाय टेकावा त्या विचारात आहेत!"

सभा हसली. कुंदाही थोडी हसली, कारण बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मग तिने मागे पाहिलं. तिचा नवरा दिगू हसणाऱ्यांत होता. दिगूने भैरूचा एकही खेळ चुकवला नव्हता. ठिपकी अंड्यातून बाहेर आली त्या दिवशीचासुद्धा.

हात, म्हणजे पंख, वर झाले. पाच थर ठरले.

परतताना रेवा कुंदाच्या फांदीवर टेकली. खालून सातभाईंची पोरं ओरडत होती, "जा गं पलीकडे! तिथली उंबरं गोड लागतील तुला!"

"काकू, तुम्ही बोललात ते ऐकलं मी," रेवा म्हणाली.

"काही उपयोग झाला नाही."

"नाही झाला. बेचक्यात जागाच उरली नाही ना आता." रेवाने पंख झाडले. "पैलतीरवाल्यांनी निरोप धाडलाय. तीन थर देतो म्हणतात."

"आणि इथलं? आपलं माणूस म्हणून..." कुंदाने खाली पाहिलं. आपलं म्हणून काय? खालची पोरं आता रेवाच्या आईवरून बोलत होती.

रेवा उडाली. पाण्याला लागून, जशी खेळात जाई तशी. एरवी त्या उड्डाणावर तीर उठून आरोळ्या ठोकी. आज सगळे काड्या उपसण्यात गुंतले होते.

दिगूने पहिली काडी ओढली. "देऊन टाकू," तो म्हणाला. दिगूचं सगळ्यालाच देऊन टाकू असे.

"अरे, थांब. ती नको, ती कडेची आहे. ही घे."

"कुठली का असेना. सगळे बघतायत, कुंदा."

खरंच बघत होते. सातभाईंतले दोघे समोरच्या फांदीवर येऊन बसले होते, कोण किती देतो ते पाहायला. नाही म्हणावं, तर उंबर बंद. ठिपकीच्या तोंडात काय घालणार? द्यावं, तर तिच्या पायाखाली काय उरणार? कुंदाने पिल्लाला छातीशी दाबलं आणि दिगूला एकेक काडी दाखवत गेली. तिसरीपर्यंत घरटं तगलं. चौथीला मधोमध भोक पडून त्यातून खडक दिसायला लागला. पाचवी काढताना उरलेल्या काड्या एका बाजूला कलल्या आणि ठिपकी घसरली. कुंदाने तिला मानेकडून चोचीत धरलं. पिल्लू ओरडलंसुद्धा नाही. पाय झाडत तसंच लोंबकळलं आणि मग फांदीच्या सालीला घट्ट बिलगलं.

"बघा, पडली का?" समोरचा सातभाई म्हणाला. "उगाच बोभाटा करता, वहिनी."

दुपारपर्यंत बेचकं भरलं. एवढं थोरलं घरटं ऐलतीराने कधी पाहिलं नव्हतं. पाच थरांचं, काठाशी हिरवी पानं खोचलेलं. कोतवालानेही शेवटी आपल्या पाच काड्या आणून टाकल्या होत्या, शिव्या देत. ज्यांनी विरोध केला होता ते आता त्याची उंची पैलतीरच्या घरट्यांशी ताडून पाहत होते.

मग घोंघाट आला, आणि थोड्या वेळाने भैरू आला. तो काठावर टेकला तेव्हा खालून जयघोष झाला आणि जयघोषातच दोन-तीन शिट्ट्याही ऐकू आल्या. भैरूने घरट्यात डोकावलं.

"एवढं?" तो म्हणाला. "एवढं कशाला, आण्णा?"

"तुमच्या मानाला, दादा!"

भैरूची जुनी, तडकलेली चोच जराशी वर झाली. त्याला बरं वाटलं होतं, हे खालूनही दिसत होतं. भीती वाटली होती, हे फक्त जवळच्या फांदीवरच्या कुंदाला दिसलं. रिवाजाप्रमाणे तो घरट्याच्या काठावरून उठला, एक उंबर चोचीत धरून ढोलीकडे गेला आणि दुरून टाकला. उंबर ढोलीच्या अलीकडे, पाण्यात पडला.

"वारा!" आण्णा ओरडला. "वारा होता!"

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"होता वारा," कोतवाल म्हणाला. "पाच हंगाम वाहणार आहे." आणि पुन्हा जुंपली.

त्या गर्दीत भैरू कुठे गेला ते फारसं कोणी पाहिलं नाही. याआधीचे त्याचे शब्द एकेका थराचे असत. तो काठावर टेकला, की सगळे आपापल्या घरी जात, आणि नंतर वर बघायला कोणाला सवड होती? कुंदाने मात्र पाहिलं. भैरू घरट्यावरून निघाला, आइनाला वळसा घालून मागच्या वाळक्या खोडाशी गेला आणि तिथल्या ढोलीत अंग चोरून शिरला. धनेशांच्या कुळात काड्यांच्या घरट्यात कधी कोणी राहिलंच नाही. ते झाडाच्या पोटात राहतात. बगळ्यांच्या शाळेत हे पहिल्याच वर्षी शिकवत. कुंदाला तेव्हा त्यावर शाबासकीही मिळाली होती. सभेत ते तिला नीट सांगता आलं नाही, किंवा तिने सांगितलं ते असं सांगितलं, की कोणाला कळू नये.

ऊन उतरलं. आइनाच्या बेचक्यात पाच थरांचं घरटं उभं होतं आणि त्यात कोणी नव्हतं. भोवतीच्या झाडांवर प्रत्येक घरट्याला भोक पडलेलं, आणि त्या भोकांतून पलीकडचं तांबूस आकाश दिसत होतं. आयाबाया फांद्यांवर ताटकळत, पिल्लांना पंखाखाली दाबून बसल्या होत्या. बाप्ये अजून खालीच भांडत होते. पैलतीरावरून आरोळ्या येत होत्या. तिथे कोणीतरी पाण्याला लागून उडत होतं.

ठिपकी आईच्या पंखातून मान काढून त्या रिकाम्या घरट्याकडे टक लावून बघत होती. आता ही विचारणार, कुंदाला वाटलं. आपलं घरटं का मोडलं, तू का दिल्यास काड्या, नाही का म्हणाली नाहीस. तिने उत्तरं जुळवायला घेतली. पहिलं उत्तर तिला लांबलचक वाटलं, दुसरं खोटं.

"आई," ठिपकी म्हणाली, "मी मोठी झाले ना, की मला पण एवढंच बांधायचं हं. मी पण त्यात बसणार नाही."