नकली गिटारची कानस

वसईच्या रेमेडिया लोपीसने दिवंगत नवऱ्याची जुनी बास गिटार विकायला काढली. नामांकित संग्राहक दिवाणसाहेबांनी ती उलटसुलट पाहिली आणि नवऱ्याच्या बँडमधल्या सोबत्यांसमोर सांगून टाकलं, "ही नकली आहे. भंगाराच्या भावात द्या."

नवऱ्याने आयुष्यभर नकली वाजवली? रेमेडियाने गिटार परत आपल्याकडे ओढली.

"नकलीच ना? मग जाड तारा बसवून मुलांना शिकायला देते."

जाड तार गिटारच्या मानेवरच्या हाडाच्या पट्टीतल्या खाचेत बसेना. खाच रुंद करायला तिने कानस उचलून पट्टीला टेकवली.

"थांबा!" दिवाण ओरडले. "ती मूळची पट्टी आहे! अशी आता मिळणार नाही!"

रेमेडियाने कानस बाजूला ठेवली.

"साहेब, कानस नकलीला लागत होती, मग कळ तुमच्या पोटात का उठली?"