गुलाबी हिऱ्यावरची वाफ

तात्या पारख्यांच्या रत्नं घासायच्या साणेची खर्रखर्र ऐकतच भिवजी लहानाचा मोठा झाला, त्यांच्याच हाताखाली ती ओळखायला शिकला. पुढे त्याला एक गुलाबी हिरा मिळाला. जहागीरदारांना दाखवला, तर शेजारी बसलेले तात्या हसले.

"हिरा कधी गुलाबी असतो? रंगवलेली गारगोटी आहे, सरकार!"

जहागीरदार गरजले, "खोटा निघाला, तर गाव सोडायचं, भिवजी!"

"धरणीच्या पोटात फार दाबला गेला, म्हणून गुलाबी झाला, सरकार. तात्या, तोंडाची वाफ सोडा त्यावर."

खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही. तात्यांनी सोडलेली वाफ क्षणात उडाली. भिवजीनं तिथंच थांबायला हवं होतं.

"आता तुमच्या अंगठीवर सोडा."

सरकारांपुढे नाही कसं म्हणणार? अंगठीवर वाफ बसून राहिली.

"बघा सरकार! तात्यांचा श्वास माझ्या गारगोटीवर टेकत नाही, त्यांच्या हिऱ्यावर मात्र मुक्काम ठोकतो!"

सगळी कचेरी खदखदून हसली. हसला नाही तो भिवजी. अंगठीतला हिरा तात्यांनी लेकीच्या लग्नात काढून दिला होता आणि त्या जागी काच बसवून घेतली होती ती विश्वासानं भिवजीकडूनच.

तात्यांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं, पगडी सारखी केली आणि ते पायऱ्या उतरून गेले.